देश समजून घेणारा अभियंता

मुंबईच्या लालबाग-परळ भागात कापडगिरण्या चालू होत्या, तेव्हा तिथला कामगार घरी येऊन सहज म्हणायचा, "आज जॉबरने साचा बंद ठेवला, आता पगार कापला जाणार." हे वाक्य अगदी साधे मराठी आहे. पण त्यातले शब्द जरा निरखून पाहा. 'जॉबर' हा शब्द इंग्रजी आहे. 'पगार' पोर्तुगीज भाषेतून आला. 'साचा' म्हणजे माग, हा आपल्याच देशातला शब्द. ज्या 'कारखान्यात' तो काम करत होता, तो शब्द फारसी. 'मजूर' आणि 'हिशोब' या शब्दांचे तर विचारूच नका. तुम्ही घरी 'मजदूर' आणि 'हिसाब' म्हणता, तेच हे शब्द.

जसे शब्द, तशीच गिरणी. यंत्रे इंग्लंडमधील लँकेशायरहून बोटीने येत. कापूस वऱ्हाड-खानदेशातून येई. तयार झालेले सूत एके काळी मोठ्या प्रमाणावर चीनला जाई. काम करणारी माणसे कोकणातून, घाटावरून आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेली. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचे पोट चार देशांच्या व्यवहारावर अवलंबून होते. 'आंतरराष्ट्रीय' हा मोठा शब्द त्याला ठाऊक नसेल, पण त्याचे आयुष्य मात्र तसेच होते.

या गिरण्यांना जाणकार माणसे हवी होती. त्यासाठी १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. तिचे काम भायखळ्याला सुरू झाले आणि १९२३ मध्ये ती माटुंग्याला गेली. आज आपण तिला वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच व्हीजेटीआय, या नावाने ओळखतो. यंत्र कसे बांधायचे, कसे चालवायचे आणि बिघडले तर कसे दुरुस्त करायचे, हे शिकवण्याची सोय अशा रीतीने झाली. परंतु ते यंत्र ज्या देशातून आले तो देश कसा आहे, आपला माल ज्या देशात जातो तिथले लोक कसे आहेत, हे शिकवायचे कोणी? तंत्रशिक्षणाने हा प्रश्न बराच काळ आपला मानलाच नाही. आजही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अभियांत्रिकी एका इमारतीत शिकवतात; इतिहास, भाषा आणि समाजशास्त्र दुसऱ्या इमारतीत. दोन्ही इमारतींत जाणारा विद्यार्थी विरळाच.

माझे मत असे आहे, की ही भिंत आता पाडली पाहिजे. अभियंता होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला परक्या देशाचा अभ्यास करण्याची, त्याची भाषा शिकण्याची आणि तिथे राहून एखादे उपयोगी काम पूर्ण करण्याची संधी मिळाली पाहिजे. हे काम त्याच्या पदवीचाच भाग असावे. सुट्टीतली हौस म्हणून त्याकडे पाहू नये.

ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे शहर आहे. तिथे १८६५ साली वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली. १९७० च्या सुमारास या संस्थेने आपला अभ्यासक्रम मुळापासून बदलला. विद्यार्थ्यांनी केवळ परीक्षा देऊ नयेत, तर खरे प्रश्न हाती घ्यावेत, असे तिने ठरवले. आज तिथले विद्यार्थी साधारण तिसऱ्या वर्षी तीन-चार जणांच्या गटाने एखाद्या दूरच्या गावी जातात. अनेक गट परदेशात जातात. जाण्यापूर्वी ते त्या ठिकाणचा इतिहास वाचतात, चालीरीती समजून घेतात, थोडी भाषा शिकतात. मग सुमारे सात आठवडे तिथे राहून एका स्थानिक संस्थेसाठी एकच काम करतात. ज्याला या विषयाची अधिक गोडी वाटते, तो अभियांत्रिकीच्या जोडीने आंतरराष्ट्रीय अभ्यास हा विषयही घेऊ शकतो.

इटलीतील व्हेनिस शहराचे उदाहरण घ्या. हे शहर पाण्यात वसलेले आहे. तिथे ट्रक नाहीत, सगळा माल होड्यांतून जातो. या विद्यार्थ्यांच्या गटांनी वर्षानुवर्षे कालवे मोजले आणि होड्यांच्या फेऱ्या मोजल्या. त्यांच्या लक्षात आले, की पाण्याच्या बाटल्यांची होडी वेगळी, कापडाची वेगळी, भाजीची वेगळी, आणि या सगळ्या होड्या एकाच दिवशी त्याच त्या गल्ल्यांत फिरतात. त्यांनी सुचवले, की होड्या मालाप्रमाणे न लावता वस्तीप्रमाणे लावाव्यात. एका वस्तीचा सगळा माल एकाच होडीत. या सूचनेत अवघड गणित फारसे नाही. मात्र धक्क्यावर उभे राहून नावाड्यांचे काम पाहिल्याशिवाय ती सुचलीही नसती.

आता कोणी विचारेल, यंत्र तर सगळीकडे सारखेच असते. मग अभियंत्याला देश आणि माणसे समजून घेण्याची गरज काय? याचे उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही.

लँकेशायरमध्ये सूत कातण्यासाठी 'म्यूल' नावाचे यंत्र फार काळ मानाचे होते. ते चालवायला वर्षानुवर्षे मुरलेला कारागीर लागे. इंग्लंडमध्ये असे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले होते. आपल्याकडचा कापूस आखूड धाग्याचा, सूत जाडेभरडे आणि कामगार गिरणीत नवा. जमशेटजी टाटा यांनी १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. त्या गिरणीत पुढे 'रिंग' पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग झाला. हे यंत्र शिकायला सोपे आणि आपल्या सुताला मानवणारे होते. लँकेशायर पुष्कळ वर्षे जुन्या यंत्राला धरून राहिले. हिंदुस्थानातील गिरण्यांनी मात्र नव्या चात्या वापरायला सुरुवात केली. म्हणजे एका देशात जे यंत्र उत्तम, तेच दुसऱ्या देशात उत्तम ठरेल असे नाही. माती, हवा, कापूस आणि माणसाचा हात यांच्याशी यंत्राचे जमावे लागते.

यंत्राची गोष्ट अशी, तर औषधाची कशी असेल? लालबागला लागूनच परळ आहे. तिथे आजही हाफकिन संस्था आहे. वाल्देमार हाफकिन हे १८६० साली ओडेसा शहरात जन्मलेले शास्त्रज्ञ. ते पॅरिसला पाश्चर संस्थेत काम करत होते. पुढे कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ मध्ये हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत लोक परक्या माणसाकडून सुई टोचून घ्यायला तयार नव्हते. हाफकिन यांनी तिथल्या हिंदी डॉक्टरांना बरोबर घेतले. आपल्यातलाच माणूस समजावून सांगतो आहे, हे पाहून लोक हळूहळू पुढे आले. परक्या देशात काम कसे करायचे, याचा हा धडा हाफकिन यांना एखाद्या पुस्तकाने दिला नव्हता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. हाफकिन यांना मुंबईला बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना अपुऱ्या जागेत आणि मोजक्या माणसांनिशी काम करावे लागले. तरी अवघ्या काही महिन्यांत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या वेळी खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान हे जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांनाही तसे करण्यास सांगितले. आपला धर्मगुरू स्वतः पुढे झाला, हे पाहून त्या समाजातील पुष्कळ लोकांनी लस घेतली. पुढे १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले.

त्याच काळात, त्याच शहरात, दुसरीही एक पद्धत चालू होती. सरकारी पथके घरात शिरत, आजारी माणसाला उचलून रुग्णालयात नेत, सामान बाहेर काढत, कधी ते जाळूनही टाकत. रोग पसरू नये हा त्यांचा हेतू होता. मात्र घरातल्या माणसांना काय वाटेल, बायकांच्या पडद्याचे काय, आजाऱ्याजवळ बसायला कोणी आपले असेल की नाही, याचा विचार झाला नाही. परिणाम काय झाला? ऑक्टोबर १८९६ मध्ये शेकडो गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून विणकरांची वस्ती खवळली आणि शहरात दंगल झाली. माणसे मेली. त्यानंतर सरकारला आपली पद्धत सौम्य करावी लागली. निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये चालवण्यास वाव मिळाला आणि लोकांचा विरोध कमी होऊ लागला.

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण मदनपुरा, नागपाडा, भायखळा या भागांत राहत असतील. ज्या गल्लीतून तुम्ही शाळेत येता, तिथेच हा धडा लिहिला गेला आहे. रोग एकच, शास्त्रही एकच. एका पद्धतीत माणसाला समजून घेतले, तिथे लोकांनी आपणहून हात पुढे केला. दुसऱ्या पद्धतीत तसे केले नाही, तिथे दगड उचलले गेले. ज्ञानाची किंमत त्या ज्ञानाच्या मालकापेक्षा ते स्वीकारणारा माणूस ठरवत असतो. म्हणूनच परक्या समाजात काम करण्याचे शिक्षण हे तंत्रशिक्षणाच्या बाहेरचे मानू नये, असे मला वाटते.

इथवर बाहेरून आपल्याकडे आलेल्यांविषयी बोललो. आता आपल्याकडून बाहेर गेलेल्यांकडे पाहू. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे हे क्रांतिकारक होते. स्वातंत्र्याच्या ओढीने त्यांनी देश सोडला. अमेरिकेतील ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत त्यांनी शेतीशास्त्राचा अभ्यास केला. देशोदेशी भटकंती करून १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत गेले. तिथल्या लोकांची भाषा स्पॅनिश. चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले. त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. विदर्भातला एक माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत मक्याची शेती शिकवतो, ही काही लहान गोष्ट नाही. शेतीचे शास्त्र त्यांनी वर्गात शिकले असेल. परंतु ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्यासाठी त्यांना मेक्सिकोचा माणूस शिकावा लागला. १९६७ मध्ये नागपूरला त्यांचे निधन झाले.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. उत्तर हिंदुस्थानातील ईश्वरदास वार्ष्णेय नावाचे तरुण काचकाम शिकायला आधी जपानला आणि मग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. परत आल्यावर ते कोठे गेले? पुण्याजवळच्या तळेगावला. तिथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला आणि त्याची जबाबदारी त्यांनी घेतली. जपानची पद्धत, अमेरिकेचे शास्त्र, तळेगावची भट्टी आणि मराठी बोलणारे कारागीर, या सगळ्यांची मोट बांधणे हे त्यांचे काम होते. परदेशात शिकलेले जसेच्या तसे इथे ठेवून भागत नाही. ते इथल्या वाळूत, इथल्या कोळशावर आणि इथल्या माणसांच्या हातांनी पुन्हा उभे करावे लागते. त्या कारखान्यात शिकलेले कारागीर पुढे देशाच्या इतर भागांतही काचकाम करू लागले.

माझ्या या मतावर काही आक्षेप घेतले जातील. ते खोटे आहेत असे मी म्हणत नाही. त्यांचा विचार करायलाच हवा.

पहिला आक्षेप खर्चाचा. परदेशी जायचे म्हणजे विमानाचे भाडे, राहणे, खाणे. गिरणी कामगाराच्या किंवा टेम्पो चालवणाऱ्याच्या मुलाने हे कोठून आणायचे? आक्षेप रास्त आहे. श्रीमंतांच्याच मुलांना परवडणारे शिक्षण असेल, तर ते दरी वाढवील. पण पैसा फंड म्हणजे काय होते, ते आठवा. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला हा निधी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जमवलेला होता. तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण. परळच्या बीआयटी चाळीत त्यांचे कुटुंब राहत होते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, म्हणून ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. एका शिष्यवृत्तीने या देशाला काय मिळवून दिले, हे सांगायला नको. तेव्हा खर्च आहे म्हणून कल्पना सोडून देणे बरोबर नाही. विद्यापीठ, सरकार आणि उद्योग यांनी मिळून तो उचलावा. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याचे नाव यादीत आधी असावे.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभियांत्रिकीचा अभ्यास आधीच जड, त्यात भाषा आणि इतिहास कशाला? मला वाटते, हा आक्षेप पदवीपुरता खरा आणि नोकरीपुरता खोटा आहे. आपल्या वस्त्यांतले कितीतरी तरुण वेल्डर, फिटर, वायरमन म्हणून आखाती देशांत जातात. कामात ते कोणाला हार जात नाहीत. पण करारावर काय लिहिले आहे, मुकादम काय सांगतो आहे, तिथला कायदा काय म्हणतो, हे ज्याला कळते, तो फसत नाही आणि वरच्या जागेवर लवकर जातो. जे कारागिराला लागू, ते अभियंत्यालाही लागू.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सात-आठ आठवड्यांत परका देश कसा कळणार? श्रीमंत देशातले विद्यार्थी गरीब वस्तीत येतात, फोटो काढतात, अहवाल लिहितात, गुण मिळवतात आणि निघून जातात. वस्ती तशीच राहते. असे होऊ शकते, हे मी नाकारत नाही. कोणाची गरिबी ही कोणाची प्रयोगशाळा होता कामा नये. म्हणून अशा कामाला काही अटी हव्यात. काम तिथल्या लोकांनी मागितलेले असावे. अहवाल त्यांच्या भाषेत त्यांच्या हाती पडावा. एका गटाने अर्धवट सोडलेले काम पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने तिथूनच पुढे न्यावे. आणि रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता असावा. तिकडचे विद्यार्थी मुंबईला येणार असतील, तर मुंबईच्या विद्यार्थ्यांनीही तिकडे जाऊन त्यांच्या शहरातले प्रश्न अभ्यासावेत. श्रीमंत देशांतही प्रश्न असतात. हिमाचल प्रदेशातील मंडी येथील आयआयटीत तिथले विद्यार्थी आणि वूस्टरहून आलेले विद्यार्थी एकत्र गटाने काम करत आले आहेत. पाहुणा आणि यजमान एकाच टेबलाशी बसले, की दोघांनाही आपले अज्ञान लवकर कळते. थोड्या दिवसांत देश कळत नाही हे खरे. पण आपल्याला देश कळलेला नाही, एवढे नक्की कळते. विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये, ही सवय लागली तरी त्या आठवड्यांचे सार्थक झाले.

अशा शिक्षणाची सुरुवात परदेशातच व्हायला हवी असेही नाही. १९५८ मध्ये पवईला आयआयटी स्थापन झाली, तेव्हा युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत मिळाली होती. तिथून तज्ज्ञ आले, यंत्रसामग्री आली आणि आपले काही अध्यापक प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. त्याच आयआयटीने १९८५ साली ग्रामीण भागासाठी योग्य तंत्रज्ञान शोधणारे एक केंद्र सुरू केले. पाणी, चूल, शेतीची अवजारे यांचे प्रश्न गावात जाऊन पाहायचे, ही त्यामागची दृष्टी. पवईपासून शंभर किलोमीटरवरचा आदिवासी पाडा हाही शहरातल्या विद्यार्थ्याला परक्या देशाइतकाच अनोळखी असतो. ज्याला तिथे नम्रपणे प्रश्न विचारता येतात, तोच परदेशातही नीट विचारू शकेल.

एक काम तर लालबागच्या अगदी जवळच आहे. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबते, हे मुंबईतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो भाग बशीसारखा खोलगट आहे. शहरातील जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेल्या होत्या. त्यातच समुद्राला भरती असली, की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सगळ्या शहराने त्याचे फळ भोगले. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी जवळपासच्या मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. पाणी काही वेळ जमिनीखाली धरून ठेवायचे आणि नंतर सोडायचे, हा विचार जपानने फार मोठ्या प्रमाणावर केला. टोकियोजवळ कासुकाबे येथे जमिनीखाली सुमारे ५० मीटर खोल, साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेर लांबीचा बोगदा आहे. तो २००६ मध्ये पूर्ण झाला.

समजा, मुंबईच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने चार विद्यार्थ्यांना हा प्रश्न दिला. त्यांनी वर्षभर जपानी भाषा शिकावी, जपानमधील पुरांचा इतिहास वाचावा, मग काही आठवडे तिथे जाऊन त्या बोगद्याची देखभाल कशी होते ते पाहावे. नकाशा तर इथे बसूनही मिळतो. पण गाळ कोण काढतो, इशारा कोण देतो, नागरिकांना काय शिकवले जाते, कचरा नाल्यात जाऊ नये म्हणून शाळेतली मुले काय करतात, हे तिथेच पाहायला मिळते. परत आल्यावर त्यांनी हिंदमाताच्या दुकानदाराला, लालबागच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या आजीला आणि पहाटे गटार साफ करणाऱ्या कामगाराला भेटावे. पाणी आधी कोणत्या कोपऱ्यातून चढते, हे त्या आजीइतके कोणालाच ठाऊक नसते. टोकियो आणि लालबाग अशा दोन्ही ठिकाणी शिकलेला अभियंता जी योजना आखील, ती कागदावर राहणार नाही.

या कामात तुमच्याकडे एक भांडवल आहे, त्याची तुम्हांला कदाचित कल्पना नसेल. तुम्ही घरी आणि शाळेत उर्दू बोलता. हे पुस्तक मराठीत वाचता. हिंदी आणि इंग्रजीही शिकता. उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे, अशा दोन्ही बाजूंनी तुमची नजर पानावर फिरते. अरबी आणि फारसीची लिपी तुम्हांला परकी वाटत नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना शब्द कसा बदलतो, कोणता अर्थ निसटतो, कोणता विनोद दुसरीकडे समजत नाही, हे तुम्ही रोज अनुभवता. परक्या देशात काम करणाऱ्याला नेमके हेच कौशल्य लागते. ज्याने एकच भाषा ऐकली, त्याला वाटते की जग एकाच पद्धतीने विचार करते. तुम्हांला तसे कधीच वाटणार नाही. दुसरी भाषा हा केवळ गुणपत्रिकेतला एक रकाना नाही. शेजाऱ्याच्या घरात चप्पल काढून अदबीने पाऊल टाकण्याची ती रीत आहे.

म्हणून पुढे तुम्ही अभियंता व्हा, डॉक्टर व्हा किंवा तंत्रनिकेतनात एखादा हुन्नर शिका, दोन प्रश्न नेहमी बरोबर ठेवा. हे काम कसे चालते, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर तुम्हांला कार्यशाळेत मिळेल. हे काम कोणासाठी आहे आणि त्या माणसाला काय हवे आहे, हा दुसरा. त्याचे उत्तर त्या माणसाच्या दारात जाऊन, त्याच्या भाषेत विचारावे लागेल. आपल्या विद्यापीठांनी पदवी देताना पहिल्या उत्तराइतकेच दुसऱ्या उत्तरालाही गुण द्यावेत. लालबागच्या गिरण्यांचे भोंगे आता बंद झाले आहेत आणि जिथे साचे चालत होते तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. यापुढे या भागातल्या मुलांना जगाकडे जायचे असेल, तर ते शिक्षणाच्या वाटेनेच जावे लागेल. ती वाट यंत्रशाळेतून निघून माणसांच्या वस्तीपर्यंत पोचलेली असावी, एवढेच माझे मागणे आहे.